यादीबाईंचा तिसरा चमचा

१

यादीबाईंनी पहिला चमचा घेतला आणि डोळे मिटले. दुसरा घेतला आणि वहीत काहीतरी टिपलं. तिसऱ्यानंतर पुन्हा घाईने काहीतरी टिपलं, तोवर त्यांचा वरचा ओठ सुजायला लागला. चमचा हातातून बशीत पडला, तो आवाज चोवीस खास पाहुण्यांच्या टेबलावर सगळ्यांनी ऐकला.

जहाजाचा डॉक्टर धावत आला, दंडात सुई टोचली, बाईंना खुर्चीसकट उचलून दवाखान्यात नेलं. अर्ध्या तासात धोका टळला. उरला तो प्रश्न, की हे केलं कुणी.

यादीबाई म्हणजे प्रवासी जहाजांवर काय खावं, याच्या याद्या छापणाऱ्या बाई. त्यांच्या यादीत एखादं सूप आलं, की पुढच्या हंगामात लोक त्या सुपासाठी तिकीट काढतात. काल दुपारी चारला त्या बंदरातून चढल्या आणि चढता चढताच एक कागद आमच्या हातात ठेवला: बदाम चालत नाही, एक कणसुद्धा नाही. साडेपाचला मी स्वतः गोड आणि गरम अशा दोन्ही विभागांतली बदामाची पूड उचलून कोठीत कुलपात टाकली. कोठी माझ्याकडे असते. पीठ, अंडी, लोणी, ग्लास, चमचे. या जहाजावर जे मोजता येतं ते मी मोजते. सगळे मला मावशी म्हणतात, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे असलेले मोठे शेफसुद्धा.

आणि तरीही आज दुपारी संत्र्याच्या गार कस्टर्डमध्ये बदामाची पूड निघाली.

कस्टर्ड गोड विभागाचं. गोड विभागाची प्रमुख तिशीतली एक मुलगी, जिभेची अशी आंबट की सगळं जहाज तिला लिंबू म्हणतं. तीन वाजता मॅनेजरसाहेबांनी तिला बोलावलं. मलाही, कारण पूड माझ्या ताब्यातली.

‘‘यावर सही कर,’’ साहेब म्हणाले. ‘‘माझ्या हलगर्जीपणामुळे, वगैरे. सही केलीस तर भांडी घासायला ठेवतो, नोकरी राहील. नाही केलीस तर उद्या दहाला बंदर लागतंय. तिथे उतरायचं. मग कुठलंच जहाज तुला घेणार नाही, हे तुलाही कळतं.’’

लिंबूने कागद वाचला. शांतपणे वाचला, एकेक ओळ. मग उलटा करून टेबलावर ठेवला.

‘‘ते कस्टर्ड माझं नव्हतं,’’ ती म्हणाली.

‘‘तुझ्याच ट्रेमधून आलं.’’

‘‘ट्रे माझा. कस्टर्ड माझं नाही. सही होणार नाही.’’

आम्ही बाहेर आलो तर कर्मचाऱ्यांच्या जेवणघरातल्या फळ्यावर नोटीस लागलीसुद्धा होती: गोड विभागाच्या प्रमुखांना हलगर्जीपणाबद्दल कामावरून दूर केले आहे.

सहीला नकार द्यायला ती पाच मिनिटं आत होती. नोटीस त्याआधीच टाइप झालेली होती.

२

‘‘मावशी, तुम्ही पण तेच म्हणणार असाल तर बसू नका,’’ लिंबू म्हणाली. ती गोड विभागात उभी होती, ॲप्रन काढून चार घड्या घातलेला. रात्रीच्या जेवणाला सहाशे माणसं होती आणि ओव्हन थंड होते.

‘‘मी बसायला आले नाही, विचारायला आलेय. कस्टर्ड कधी केलंस?’’

‘‘सकाळी सहाला. पंचवीस ग्लास भरले. एक मी खाते, चोवीस वर जातात. मी न चाखलेला ट्रे या दारातून बाहेर पडत नाही.’’

‘‘चाखलास तो कसा होता?’’

‘‘मी केला होता तसा.’’

‘‘पूड?’’

‘‘काल संध्याकाळी तुम्हीच नेलीत. पाकीट फोडलेलंही नव्हतं.’’

हे खरं होतं. पण साहेबांचं म्हणणं, मूठभर पूड लपवायला काय गोणी लागते?

‘‘काल दिवसभर कुठे होतीस?’’

‘‘जमिनीवर. नऊला बंदर लागलं तशी उतरले, माझ्या हाताखालच्या दोन्ही पोरींना घेऊन. आईशी फोनवर बोलले, चपला घेतल्या. साडेचारला परत. दारावरच्या नोंदीत बघा.’’

दारावरची नोंद मी आधीच बघून आले होते. म्हणून विषय बदलला. एक गोष्ट बरेच दिवस मला खुपत होती.

‘‘एक सांग. बंदरात असलो की तुला क्रीम कमी लागतं, समुद्रात जास्त. ग्लास तेवढेच, माणसं तेवढीच. समुद्राच्या हवेने क्रीम आटतं का?’’

एवढ्या तापातही ती हसली. ‘‘मावशी, वारा एका बाजूने लागला की जहाज किंचित कलून चालतं. प्रवाशांना कळतही नाही. पण ग्लासात ओतलेलं पातळ कस्टर्ड समुद्राबरोबर सपाट राहतं, ग्लासाबरोबर नाही. चार तासांनी घट्ट झालं की तो कल तसाच धरून ठेवतं. एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला खाली. ती खालची बाजू मी क्रीमने भरते. तुम्ही मोजता ते माझ्या लपवाछपवीचं क्रीम आहे.’’

‘‘आणि बंदरात?’’

‘‘बंदरात जहाज हलत नाही. काचेसारखं सपाट बसतं. तेव्हा क्रीम फक्त शोभेला.’’

मी मान हलवली आणि ग्लासांच्या कपाटाकडे गेले. उंच, पातळ काचेचे ते ग्लास फक्त या कस्टर्डसाठी. साठ. काल सकाळी दहाला मी मोजले होते, साठच होते. लिंबूने आज पहाटे पंचवीस नेले. उरायला हवेत पस्तीस.

मी दोनदा मोजले. चौतीस होते.

३

टेबलावर वाढायला होता तो फिरकी. वाढप्यांमधला सगळ्यात चपळ, एका हातात सात बशा घेऊन जिना उतरणारा. लिंबूने परवाच त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं, क्रीमला बोट लावलं म्हणून. राग धरायला कारण होतं.

‘‘मी काही केलं नाही, मावशी,’’ मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला.

‘‘मी कुठे म्हटलं केलंस? चोवीस ग्लास उचललेस ना?’’

‘‘चोवीस.’’

‘‘चोवीसच टेबलावर ठेवलेस?’’

‘‘चोवीस. सगळ्यांना मिळाले. विचारा कुणालाही.’’

‘‘एकही फुटला नाही?’’

‘‘माझ्या हातून? या हातातून कधी काही पडलंय?’’

‘‘मग भांडी धुणाऱ्याच्या बादलीत माझ्या ग्लासाचा तळ कसा आला? तळाला लागलेलं कस्टर्डही अजून ओलं आहे.’’

बादली मी बघितलीच नव्हती. पण फिरकीने खाली बघितलं, आणि मला बघायची गरज राहिली नाही.

‘‘शीतघराच्या दारातच निसटला,’’ तो पुटपुटला. ‘‘आत्तापर्यंत पहिल्यांदा. वर चोवीस जण बसलेले, यादीबाई बसलेल्या. तेवीस घेऊन जाऊ? लिंबूताईला सांगू? तिने माझं भरीत केलं असतं. आत शोधलं, तर वरच्या फळीवर, दुधाच्या डब्यांमागे एक ग्लास दिसला. तसाच ग्लास, तोच केशरी रंग. वर क्रीम नव्हतं, ते मी घातलं. मला वाटलं, तिनेच जास्तीचा ठेवला असेल.’’

‘‘आणि तो यादीबाईंच्या पुढे.’’

‘‘त्या टेबलाच्या टोकाला होत्या. शेवटचा ग्लास शेवटच्या माणसाला.’’ त्याचा आवाज बारीक झाला. ‘‘मावशी, माझी नोकरी जाईल का?’’

‘‘ग्लास फोडल्याबद्दल कुणी नोकरी घालवत नाही. तिची चालली असताना गप्प बसलास, त्याचं काय ते तू तिला सांग.’’

म्हणजे लिंबूने पंचवीस केले, एक खाल्ला, एक फुटला. तेवीस उरले. आणि वाढले गेले चोवीस. तो आगाऊ ग्लास दुसऱ्याच कुणीतरी भरला होता, माझ्या कपाटातून न विचारता नेऊन.

४

मोठे शेफ गरम विभागात माशाचे तुकडे लोण्यात परतत होते. हा मासा जहाजाची शान आहे. खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा मागतो. ते वीस वर्षं समुद्रावर आहेत. मेन्यूच्या कार्डावर खाली एकच ओळ असते: सर्व पदार्थ मोठ्या शेफच्या देखरेखीखाली. लिंबूचा आणि त्यांचा वाद याच ओळीवरून. कस्टर्डची कृती ते सहा महिने मागत होते आणि ती सहा महिने एकच उत्तर देत होती: कार्डावर गोड विभागाचं नाव छापा, कृती घ्या.

‘‘वाईट झालं पोरीचं,’’ शेफ म्हणाले. ‘‘हाताला गुण आहे. पण हट्टी. मी साहेबांना सांगितलं, सही करून घ्या, घालवू नका.’’

‘‘तुम्ही सांगितलं होय. मला वाटलं, साहेबांनाच सुचलं.’’

‘‘मावशी, मी तिचा शत्रू नाही.’’

‘‘नाहीच. काल बंदरात उतरला नाहीत?’’

‘‘मी कशाला उतरू? सगळी बंदरं सारखी. दुपारी स्वयंपाक नव्हता, प्रवासी बाहेर. जरा पडलो.’’

‘‘गरम विभागातल्या बाकीच्यांनीही सुट्टी घेतली म्हणे.’’

‘‘मीच दिली. पोरांना जमीन बघू दे.’’

‘‘शेफ, तिने बदामाची पूड घातली असेल असं तुम्हाला वाटतं?’’

त्यांनी मासा उलटला. वर सोनेरी कड आली होती, अगदी बरोबर क्षणी. ‘‘घातलीच असणार. त्याशिवाय ते घट्ट होतच नाही. संत्र्याचा रस सगळं पातळ करून टाकतो.’’

‘‘असं होय,’’ मी म्हटलं.

सहा महिने ज्या माणसाकडे कृती नव्हती, त्याला ते कस्टर्ड बदामाशिवाय घट्ट होत नाही हे कसं कळलं? पण बोलण्यातली चूक म्हणजे पुरावा नाही. बोललेलं माणूस परत गिळू शकतो. मला न गिळता येणारं काहीतरी हवं होतं, आणि ते दवाखान्याच्या फ्रीजमध्ये होतं.

५

‘‘तुमी कोन?’’ यादीबाईंनी विचारलं. सुजलेल्या ओठांतून शब्द चपटे होऊन बाहेर पडत होते, नजर मात्र धारदार होती.

‘‘कोठीवाली. तुम्हाला एकच विचारायचं आहे. चव कशी होती?’’

‘‘डॉक्टरपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी तब्येत विचारली,’’ त्या म्हणाल्या, आणि पुढचं बोलताना ओठ विसरल्या. ‘‘हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. पहिले दोन चमचे क्रीमचेच होते. क्रीम चांगलं. तिसऱ्याला कस्टर्ड लागलं. रवाळ. अंडं जास्त शिजलेलं, ते झाकायला काहीतरी घालून आवळलेलं. मला वाटलं, एवढ्या मोठ्या जहाजावर हे काम नवशिक्याला कसं दिलं?’’

‘‘लिहून द्याल?’’

‘‘लिहिलेलंच आहे.’’ त्यांनी वही उघडली आणि ते पान फाडून दिलं. ओठ पुरता सुजायच्या आधी त्यांनी आपलं मत लिहून घेतलं होतं. अशा बाईचा मला आदर वाटतो.

डॉक्टरने पुरावा म्हणून ग्लास ठेवला होता. तीन चमचे एका बाजूने गेलेले, बाकी तसाच. मी चाकूच्या टोकाने उरलेलं क्रीम बाजूला सारलं आणि काचेवरची कस्टर्डची कड बघितली. पूर्ण गोल फिरवून बघितली.

मग खाली धुण्याच्या जागी गेले. एका आजोबांनी साखरेच्या धाकाने ग्लासाला हात लावला नव्हता, तो अजून पडून होता. त्याचंही क्रीम सारलं.

आजोबांच्या ग्लासात कस्टर्ड एका बाजूला बोटभर वर चढलेलं होतं. यादीबाईंच्या ग्लासात कड काचेसारखी सपाट होती.

मी दोन्ही ग्लास ट्रेमध्ये ठेवले, वर फडकं टाकलं, आणि लिंबूला, फिरकीला, मोठ्या शेफना साहेबांच्या खोलीत बोलावलं.

६

‘‘सहा वाजायला आले,’’ साहेब म्हणाले. ‘‘सातला सहाशे माणसं बसणार आणि गोड काहीही नाही. जे काय असेल ते लवकर.’’

मी फडकं काढलं. ‘‘हा आजोबांचा ग्लास. आज सकाळी सहाला भरलेला. काल संध्याकाळी बंदर सोडल्यापासून आत्तापर्यंत वारा एकाच बाजूने आहे, जहाज कललेलंच चाललंय. म्हणून कस्टर्ड तिरकं. आता हा यादीबाईंचा ग्लास.’’

साहेब वाकले. ‘‘सपाट आहे.’’

‘‘सपाट आहे. म्हणजे जहाज उभं असताना हे घट्ट झालं. बंदरात. ग्लास काल सकाळी दहाला माझ्या कपाटात होता, मी मोजलाय. बंदर सोडलं संध्याकाळी पाचला. घट्ट व्हायला चार तास लागतात. म्हणजे दहा ते एकच्या दरम्यान कुणीतरी हा भरला. तेव्हा गोड विभागातल्या तिघीही जमिनीवर होत्या. दारावरची नोंद तुमच्याच सहीची आहे.’’

फिरकीने स्वतःहून पुढे होऊन ग्लास फुटल्याचं, फळीवरचा उचलल्याचं सांगितलं. लिंबूने त्याच्याकडे असं बघितलं की तो अर्धी वीत आखूड झाला.

‘‘मग भरला कुणी?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘काल दुपारी स्वयंपाकघरात एकच माणूस होता.’’

मोठे शेफ ग्लासाकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, अचंबा होता. वीस वर्षं ते समुद्रावर, पण त्यांचं सगळं गरम. सूप वाढलं की वाडग्यात पुन्हा सपाट होतं, रस्सा कुठलाही कल लक्षात ठेवत नाही. जहाजावर पदार्थ तिरका बसतो, हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. जिने सांगितलं असतं, तिला विचारायचं सोडून त्यांनी चोरून करून बघितलं.

‘‘सपाट म्हणजे चांगलाच बसला की,’’ ते म्हणाले. ‘‘यात माझा काय संबंध? कुणीही केला असेल.’’

‘‘कुणीही नाही,’’ मी म्हटलं. ‘‘यादीबाईंनी लिहून दिलंय.’’ आणि वहीचं पान वाचलं: ‘‘रवाळ. नवशिक्याचं काम.’’

मी पान साहेबांच्या पुढ्यात ठेवलं.

‘‘नवशिक्या?’’ मोठे शेफ म्हणाले. मान लाल झाली. ‘‘पहिल्या प्रयत्नात संत्र्याचं कस्टर्ड उभं करून दाखवा म्हणावं. अंडं जरा पुढे गेलं म्हणून पूड घातली. कुठलाही जाणता माणूस तेच...’’

ते थांबले. उशीर झाला होता.

‘‘बाई चढल्या चारला,’’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘‘मी केलं तेव्हा बदामाचं कुणाला काही माहीत नव्हतं. एक ग्लास केला, चव बघून टाकणार होतो, विसरलो. आज दुपारी कळलं, तेव्हा वाटलं, बाई वाचल्यात, लिंबूची नोकरीही मी वाचवतो, भांड्यांवर ठेवून. मग काही दिवसांनी...’’

‘‘काही दिवसांनी काय?’’ लिंबूने पहिल्यांदाच विचारलं. ‘‘मला माझ्याच विभागात मदतनीस म्हणून घेतलं असतंत?’’

शेफनी फडकं उचलून दोन्ही ग्लासांवर पुन्हा टाकलं.

७

‘‘ठीक आहे, झालं ते झालं,’’ साहेब म्हणाले. सहीचा तो कागद त्यांनी खणात टाकला. ‘‘शेफचं मी बघतो, वरिष्ठांना कळवतो. तू कामाला लाग. तासाभरात काय होईल ते कर.’’

लिंबू हलली नाही. ‘‘नोटीस कुठे लागली होती?’’

‘‘काढून टाकायला सांगतो.’’

‘‘काढायची नाही. तिच्या शेजारी दुसरी लावायची. तेवढीच मोठी. आणि तुम्ही स्वतः.’’

‘‘आत्ता वेळ नाही त्याला.’’

‘‘पहिलीला होता. मी आत यायच्या आधी टाइप झाली होती. मला उतरवायचं तर सगळ्यांसमोर ठरवलंत. ठेवायचं मात्र या खोलीत, दार लावून? मग मी उद्या दहाला उतरते. चपला नव्या आहेत.’’

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

सव्वासहाला कर्मचाऱ्यांच्या जेवणघरात पन्नासेक माणसं हातात ताटं घेऊन उभी होती आणि मॅनेजरसाहेब फळ्यासमोर मार्कर घेऊन लिहीत होते.

‘‘गैरसमज झाल्याचे निदर्शनास आले आहे,’’ त्यांनी मोठ्याने वाचलं.

‘‘गैरसमज नको,’’ लिंबू म्हणाली. ‘‘मी न केलेल्या गोष्टीचा आरोप माझ्यावर केला, असं लिहा. केला कुणी, तेही.’’

साहेबांनी खोडलं. लिहिलं. खाली सही केली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण भांडी धुणाऱ्याने आपलं ताट बाजूला ठेवून ती नोटीस पुढे जाऊन नीट वाचली, मग त्याच्यामागे बाकीचे.

तेवढ्यात दवाखान्यातून निरोप आला. यादीबाई रात्री हॉलमध्येच जेवणार होत्या, आणि गोड विभागाच्या प्रमुखांनी केलेलं असेल ते काहीही खाणार होत्या, फक्त मऊ हवं.

लिंबूने ॲप्रनच्या घड्या मोडल्या. पोरींना हाक मारली, ओव्हन लावायला सांगितलं: गरम चॉकलेटचा केक, छोट्या वाट्यांत, वीस मिनिटांत फुलणारा. मग दाराशी उभ्या असलेल्या मोठ्या शेफकडे वळली. त्यांचा मासा वर गेला होता. त्यांना जायला दुसरी जागा नव्हती, आणि बहुतेक जायचंही नव्हतं.

‘‘हात धुतलेत?’’

‘‘धुतले.’’

‘‘मग अंडी फोडा. दोनशे. मावशी, द्या.’’

मी दोनशे अंडी मोजून दिली. ते बाह्या वर करून टेबलाशी उभे राहिले, फिरकी त्यांच्या शेजारी टरफलं गोळा करायला. लिंबूने साखरेचं भांडं त्यांच्या पुढ्यात सरकवलं.

शेफ घोटायला लागले. मग शेफनी मान वर न करता विचारलं, ‘‘किती वेळ घोटायचं?’’

‘‘मी थांबा म्हणेपर्यंत,’’ लिंबू म्हणाली.